जेकार्डच्या पुठ्ठ्यांतून कॉम्प्युटर जन्मला म्हणतात. कितपत खरं?

पूर्वभाग_सोलापूर

नमस्कार मंडळी. प्रश्न जरा लांबून विचारते, कारण मागची हकिकत सांगितल्याशिवाय तो का पडला ते कळणार नाही.

माझे वडील चाळीस वर्षं सोलापुरी चादरीच्या मागांसाठी जेकार्डची, म्हणजे मागावर नक्षी उमटवणाऱ्या यंत्राची, पुठ्ठ्याची कार्डं पंच करत होते. आम्ही त्यांना नायना म्हणतो. घरात तेलुगू, उंबऱ्याबाहेर मराठी, पूर्व भागातल्या बहुतेक घरांसारखंच. डिझाइनवाला ग्राफच्या कागदावर मोर रंगवून आणायचा. नायना एकेका ओळीखाली पट्टी धरून घरं वाचायचे आणि पेटीसारख्या दिसणाऱ्या मशीनवर बोटांनी खुंट्या दाबत, पायाने पावडी मारत पुठ्ठ्यात भोकं पाडायचे. ग्राफची एक ओळ म्हणजे एक कार्ड, एक कार्ड म्हणजे धोट्याची (आडवा धागा नेणाऱ्या तुकड्याची) एक फेरी. अख्ख्या मोराला शेकडो कार्डं. ती दोरीने एकापुढे एक गुंफली की माळ तयार.

माळ मागावर चढली की पुढचं काम पुठ्ठ्याचं. भोक असेल तिथे सुई आत शिरते, तिचा हूक उचलला जातो आणि ताण्याचा, म्हणजे उभा, तो धागा वर येतो. कोरा पुठ्ठा सुईला मागे रेटतो, तो धागा खालीच राहतो. मधून धोटा जातो. एवढंच आहे ते, आणि एवढ्यातून मोर उमटतो.

सुट्टीत मी नायनांसमोर बसून ग्राफ वाचून दाखवायची. "तीन भोक, दोन कोरं, एक भोक, सात कोरं..." ते न बघता बोटं चालवायचे. १९८५ च्या उन्हाळ्यात अशाच एका मोराच्या चादरी विणून झाल्या आणि प्रत्येक चादरीत, प्रत्येक मोराच्या मानेवर, नेमक्या त्याच जागी एक ठिपका दिसायला लागला. व्यापाऱ्याने माल परत पाठवला. नायनांनी माळ घरी आणली, अंगणात पसरली आणि रात्रभर दिव्याखाली ग्राफशी एकेक कार्ड ताडून पाहिलं. ११७ व्या कार्डात एक भोक जास्तीचं निघालं. ती ओळ मी वाचली होती. मला ते एक शब्द बोलले नाहीत. मैद्याच्या खळीने जाड कागदाचा तुकडा त्या भोकावर चिकटवला, वाळू दिला आणि सकाळी माळ परत मागावर चढवली.

आता नायना ८३ वर्षांचे आहेत. मी गणित शिकवते. आमच्या शाळेत विज्ञान प्रदर्शन आहे आणि नायनांनी तीच मोराची माळ शाळेला दिली आहे. तिच्याखाली लावायची पाटी मी लिहायची आहे. भाचा म्हणतो, "मावशी, सरळ लिही, हा कॉम्प्युटरचा पूर्वज." त्याने कुठेतरी व्हिडिओ पाहिलाय. मला मात्र मुलांसमोर अर्धवट खरं लिहायचं नाही. नायनांच्या कामाला मोठेपणा यायला खोट्या आधाराची गरज नाही.

तर जाणकारांनी सांगा: माग आणि कॉम्प्युटर यांचं नातं नक्की काय आहे? आणि ते पुठ्ठ्यांपाशीच संपतं का?

धोटा (इचलकरंजी)

ताई, नायनांना नमस्कार सांगा. मी टेक्स्टाइलचा डिप्लोमावाला. आता माझ्या हाताखाली इलेक्ट्रॉनिक जेकार्ड आहेत, पण उमेदवारी पुठ्ठ्यांवरच केली. बोटांनी खुंट्या दाबणारी माणसं पाहिली आहेत. त्या हातांना गाणं वाजवणाऱ्या हातांइतकाच वेग असतो.

आधी मागाकडची बाजू सांगतो. भोकं पाडण्याची कल्पना जाकारची नव्हे (आपण जेकार्ड म्हणतो त्या नावाचा माणूस म्हणजे फ्रान्समधल्या लियाँचा जोसेफ-मारी जाकार). १७२५ मध्ये लियाँतच बाझिल बुशाँने भोकांची लांब कागदी पट्टी मागाला लावली. त्याचे वडील ऑर्गन बनवत. आपोआप वाजणाऱ्या ऑर्गनात खुंट्यांचा दंडगोल फिरतो आणि सूर लावतो, तेव्हा असलं काही घरातच त्याच्या डोळ्यांसमोर असणार. पण कागद फाटायचा. १७२८ मध्ये फाल्काँने त्याऐवजी एकमेकांना गुंफलेले पुठ्ठे आणले. १७४५ च्या सुमाराला वोकाँसाँने मदतनीस माणूस काढून टाकणारा माग बनवला. हाच तो यांत्रिक बदक बनवून युरोपभर गाजलेला कारागीर. त्याचा माग मात्र तसाच पडून राहिला. जाकारने तो पाहिला, आधीच्या सगळ्यांचं चांगलं तेवढं घेतलं आणि १८०४ मध्ये रोज कारखान्यात चालेल असं यंत्र उभं केलं. त्याआधी नक्षीच्या मागावर विणकराशिवाय दोऱ्या ओढायला आणखी एक माणूस लागायचा, पुष्कळदा लहान पोर.

पुठ्ठे किती लांबवर नेता येतात याचा कळस १८३९ मध्ये झाला. लियाँत जाकारचंच चित्र रेशमात विणलं गेलं, २४,००० कार्डं लावून. ताई, नायनांना हा आकडा नक्की सांगा. आपल्या मोराला शेकडो, आणि तिथे चोवीस हजार! ते कापड इतकं बारीक होतं की लोकांना छापील चित्र वाटायचं. लंडनमध्ये चार्ल्स बॅबेज या गणितज्ञाने त्याची एक प्रत मिळवून घरात लावली होती. एकदा ड्यूक ऑफ वेलिंग्टन आणि राणी व्हिक्टोरियाचे पती प्रिन्स अल्बर्ट त्याच्याकडे आले. ड्यूकना ते छापील चित्र वाटलं, प्रिन्सनी ते छापील नसल्याचं ओळखलं. बॅबेजने स्वतःच हे आत्मचरित्रात लिहून ठेवलंय.

बॅबेजकडे हे कापड नुसतं शोभेला नव्हतं. १८३६ मध्ये त्याने आपल्या अ‍ॅनालिटिकल इंजिन या नियोजित गणिती यंत्राला सूचना द्यायला जाकारची कार्डं वापरायचं ठरवलं. म्हणजे मागाचा पुठ्ठा आणि गणिती यंत्र यांची गाठ पडली ती इथे, आणि ती कागदोपत्री पक्की आहे. हिशेब करणाऱ्या भागाला त्याने नाव दिलं 'मिल', आकडे साठवायच्या भागाला 'स्टोअर'. गिरणी आणि कोठार. सोलापूर-इचलकरंजीकरांना ही भाषा कोणी समजावून द्यायला नको.

पण एक फरक तुम्ही गणिताच्या बाई म्हणून मुलांना जरूर दाखवा. आपली माळ गोल फिरते. पहिल्या कार्डापासून शेवटच्यापर्यंत आणि परत पहिलं. मधलीच दहा कार्डं पुन्हा हवी असतील तर ती पुन्हा पाडून ओवावी लागतात. बॅबेजने माळ मागे फिरवायची सोय आखली, म्हणजे तीच कार्डं हवी तितक्यांदा वापरता येतील. एडा लव्हलेसने या यंत्रावरच्या १८४३ च्या टिपांमध्ये हे नीट समजावून सांगितलंय, आणि तिथेच तिने लिहिलं की जाकारचा माग फुलं-पानं विणतो तसं हे यंत्र बीजगणिताची नक्षी विणेल. शिवाय मधल्या उत्तराचं चिन्ह बदललं तर यंत्राने वेगळी वाट धरावी, अशीही योजना होती. मागाला कधी काही ठरवावं लागत नाही. ठरवणारे तुमचे नायना आणि तो डिझाइनवाला.

ते यंत्र पूर्ण बांधून झालंच नाही. १८७१ मध्ये बॅबेज गेला. म्हणून 'पूर्वज' लिहिताना जपून. वंशावळ तिथे तुटते.

ऐंशी_रकाने

तुटलेली वंशावळ पुढे कुठे जुळते ते मी सांगतो. माझी पहिली नऊ वर्षं, १९७४ ते १९८३, मुंबईत पंच-कार्डांवर गेली.

अमेरिकेत १८८० च्या जनगणनेची मोजदाद हातांनी करता करता सात-आठ वर्षं गेली. लोकसंख्या वाढतच होती, पुढच्या खेपेला दहा वर्षंही पुरली नसती. त्या खात्यात काम केलेल्या हर्मन होलेरिथने १८९० च्या जनगणनेसाठी यंत्र बनवलं. एका माणसाचं एक कार्ड. वय, लिंग, जन्मस्थान, धंदा, सगळं भोकांत. कार्ड दाबाखाली ठेवायचं, वरून पिना उतरायच्या. भोक असेल तिथे पिन आरपार जाऊन खालच्या पाऱ्याच्या वाटीत बुडायची, वीज वाहायची आणि तबकडीचा काटा एक घर पुढे सरकायचा. ताई, तुमच्या सुई-हुकाशी ताडून बघा. भोक म्हणजे 'हो', पुठ्ठा म्हणजे 'नाही'. फक्त धाग्याच्या जागी वीज आली.

गंमत अशी की होलेरिथने स्वतः या कल्पनेचं श्रेय मागाला दिलेलं नाही. १९१९ मधल्या एका पत्रात त्याने आगगाडीतला प्रसंग लिहिलाय. कंडक्टर तिकिटाच्या कडेला भोकं पाडून प्रवाशाचं वर्णन नोंदवायचा: केस फिके, डोळे काळे, नाक मोठं. म्हणजे तिकीट दुसऱ्याच्या हाती गेलं तर पकडता येईल. आपणही प्रत्येक माणसाचं असंच तिकीट काढायचं, हे त्याला तिथे सुचलं. रेशमाच्या धंद्यातल्या मेव्हण्याकडून त्याला जेकार्ड माहीत होता असंही सांगतात. मला दोन्ही एकाच वेळी खरं असण्यात अडचण वाटत नाही. पण तुमच्या पाटीसाठी कंडक्टर महत्त्वाचा, कारण तो खुद्द त्याच्या शब्दांत आहे.

नायनांची कार्डं आणि आमची कार्डं यांतला मोठा फरक दोरीचा. त्यांची माळ, आमची सुटी. माळेतलं कार्ड म्हणजे हुकूम, त्याची जागा बदलली तर मोराची मान पोटात जाईल. होलेरिथचं कार्ड म्हणजे एक माणूस, त्याला आज वयाच्या गठ्ठ्यात टाकायचं आणि उद्या धंद्याच्या. त्याला दोरी चालणार नाही.

पुढे कार्डांनी हुकूमही वाहायला सुरुवात केली, पण ती सुटीच राहिली, आणि त्याची किंमत मी मोजलेली आहे. १९७६ चा जुलै, दादरचा पूल, धो धो पाऊस. माझ्या हातातला फोरट्रान या प्रोग्रामिंगच्या भाषेतला सातशे कार्डांचा गठ्ठा पायऱ्यांवर सांडला. फोरट्रानमध्ये प्रोग्रामची ओळ ७२ व्या रकान्यात संपते, ७३ ते ८० हे आठ रकाने खास कार्डाला क्रमांक देण्यासाठी मोकळे असतात. गठ्ठा सांडला तर कार्डं क्रमाने लावणाऱ्या सॉर्टरमध्ये घालून परत लावता यावा म्हणून. मी घाईत ते कोरे सोडले होते. तीन दिवस जमिनीवर बसून कार्डं लावली, भिजलेली पुन्हा पंच केली. त्यानंतर क्रमांक तर घातलेच, शिवाय प्रत्येक गठ्ठ्याच्या वरच्या कडेवर पेन्सिलीने तिरकी रेघ मारायला लागलो. एक कार्ड जरी हललं तरी रेघ मोडलेली दिसते.

आयबीएमने १९२८ मध्ये ८० रकान्यांचं कार्ड काढलं. कार्डं गेली, पण आजही प्रोग्रामर लोकांची टर्मिनलची खिडकी उघडली की बहुतेक वेळा ८० अक्षरं रुंद असते. ती रुंदी त्या पुठ्ठ्याची.

आता सगळ्यात महत्त्वाचं. तुमचं ११७ वं कार्ड. १९४४ मध्ये हार्वर्ड विद्यापीठात मार्क १ नावाचं यंत्र सुरू झालं. त्याला सूचना भोकांच्या कागदी पट्टीवरून मिळायच्या. चूक सापडली की चुकीच्या भोकावर कागदाचा तुकडा चिकटवायचे. अशी ठिगळं लावलेली पट्टी अमेरिकेतल्या संग्रहालयात जपून ठेवलेली आहे. आज फोनमध्ये सॉफ्टवेअरची दुरुस्ती येते तिला 'पॅच' म्हणतात, ते हेच ठिगळ. आणि तीच सूचनावली पुन्हा पुन्हा चालवायची असेल तर पट्टीची दोन टोकं चिकटवून तिचं कडं करायचे. नायनांच्या माळेसारखं.

तुमच्या वडिलांनी त्या रात्री खळीने जे केलं, त्याला आमच्या धंद्यात पॅच म्हणतात. ठिकठिकाणची माणसं, एकमेकांना न भेटता, तेच करत होती.

पूर्वभाग_सोलापूर

काका, तुमचं उत्तर नायनांना मोठ्याने वाचून दाखवलं. कंडक्टरपाशी ते हसले. पॅचपाशी त्यांनी हात वर करून थांबवलं आणि परत वाचायला सांगितलं. मग म्हणाले, "त्यांची खळ कशाची होती?" हे कोणाला ठाऊक असेल तर सांगा, त्यांनी मनापासून विचारलंय. मैद्यात थोडा मोरचूद टाकला नाही तर पुठ्ठ्याला कीड लागते, असं त्यांचं म्हणणं.

धोटा दादा, चोवीस हजारांचा आकडा ऐकून ते बराच वेळ गप्प होते. नंतर माझ्याकडून कागद मागून घेतला आणि दिवसाला किती कार्डं झाली असती याचा हिशेब मांडत बसले.

चार्ल्सकाठी

ताई, तुमच्या दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर माझ्या घराच्या अगदी जवळ आहे. नातं पुठ्ठ्यांपाशी संपत नाही. पुढे कॉम्प्युटरची स्मृतीच हातांनी विणली गेली.

मी मॅसॅच्युसेट्समध्ये वॉल्थमच्या शेजारच्या गावात राहते. मूळची नागपूरची, आजी हातमागावर बसायची. वॉल्थम हे जुनं घड्याळांचं गाव. चंद्रावर गेलेल्या अपोलो यानांचा कॉम्प्युटर इथल्याच केंब्रिजमध्ये एमआयटीत आखला गेला आणि वॉल्थममध्ये रेथिऑन कंपनीत बनला. त्याचा प्रोग्राम तारांमध्ये ओवलेला होता. ओवलेला हा शब्द मी शब्दशः वापरतेय. चुंबकीय पदार्थाच्या बारीक कड्या, आणि त्यांतून जाणाऱ्या तारा. तार कडीच्या आतून गेली तर १, बाहेरून गेली तर ०. एकेका कडीतून किंवा तिच्या बगलेतून १९२ तारा. अशा ५१२ कड्यांचा एक संच, असे सहा संच. सगळे मिळून ३६,८६४ 'शब्द', म्हणजे बिटांचे गट, प्रत्येक शब्द १६ बिटांचा (बिट म्हणजे एक ० किंवा १). आजच्या हिशेबाने ७२ किलोबाइट, म्हणजे मोबाइलवर काढलेला एक फोटोही त्यात मावणार नाही. तेवढ्यात चंद्रावर उतरायचं गणित बसवलं होतं.

हे ओवण्याचं काम बायकांनी केलं. त्यांतल्या कित्येक जणी कापड गिरण्यांत आणि घड्याळांच्या कारखान्यात हात बसलेल्या होत्या. संचाच्या दोन बाजूंना दोघी समोरासमोर बसायच्या आणि तार भरलेली सुई एकमेकींना द्यायच्या, एकीकडून आत, दुसरीकडून बाहेर. सुई कोणत्या कडीतून घालायची हे कोण सांगायचं? भोकं पाडलेली कागदी पट्टी! पट्टी वाचून यंत्र नेमकी कडी सुईसमोर आणून ठेवायचं आणि बाई सुई ओवायची. मी हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा आजीची आठवण येऊन डोळे भरले होते. जाकारचा पुठ्ठा १९६० च्या दशकात पुन्हा विणणाऱ्या हातांसमोर आला होता.

वीज गेली तरी ओवलेलं पुसलं जात नाही, हा त्या स्मृतीचा मोठा गुण. पण एकदा ओवून संच बंद झाला की त्यात बदल करणं जवळपास अशक्य, म्हणून प्रोग्राम उड्डाणाच्या कितीतरी आधी पक्का करावा लागायचा. नायनांना खळ तरी लावता आली.

या दोरखंडासारख्या दिसणाऱ्या जुडग्याला तिथे 'रोप' म्हणायचे, आणि एखादी सूचनावली नीट पार पडेपर्यंत जिच्यावर तिची जबाबदारी असायची तिला 'रोप मदर'. अपोलोच्या सॉफ्टवेअरवर काम करणाऱ्या मार्गारेट हॅमिल्टन यांनी ती जबाबदारी सांभाळली होती.

ऐंशी_रकाने

कड्यांचं नाव निघालं म्हणून मुंबईची भर घालतो. लिहिता-पुसता येणारी कड्यांची स्मृती, जिला कोअर म्हणायचे, ती कुलाब्यात टाटा मूलभूत संशोधन संस्थेत बनलेल्या कॉम्प्युटरमध्येही होती. आर. नरसिंहन यांच्या चमूने १९५६ मध्ये आधी छोटं प्रायोगिक यंत्र चालवलं आणि १९६० मध्ये मोठं यंत्र कामाला लावलं. त्यालाच पुढे १९६२ मध्ये 'टिफ्रॅक' नाव मिळालं. २०४८ शब्द, प्रत्येक ४० बिटांचा. बिटाला एक कडी धरली तर ८१,९२० कड्या, आणि प्रत्येकीच्या पोटातून तारा गेलेल्या. या कोअरची खोड अशी की वाचलं की पुसलं जायचं. म्हणून प्रत्येक वाचनानंतर यंत्र तेच परत लिहून ठेवायचं. कड्या जाऊन पन्नास वर्षं होत आली, तरी प्रोग्राम कोसळला की स्मृतीची जी नक्कल बाहेर टाकली जाते तिला आजही 'कोअर डंप' म्हणतात.

ताई, पाटीचं काय ठरलं ते कळवा.

पूर्वभाग_सोलापूर

काल रात्री लिहिली. 'पूर्वज' काढून टाकला. भाच्यालाही पटलं. पाटी अशी आहे:

"जेकार्डची कार्डमाळ. सोलापुरी चादर, नक्षी मोर. प्रत्येक भोक एक धागा उचलतं. अशा पुठ्ठ्यांतून सूचना देता येतात हे पाहून चार्ल्स बॅबेजने १८३६ साली आपल्या गणिती यंत्राला कार्डं लावायचं ठरवलं. ११७ व्या कार्डावरचं ठिगळ पाहा. चुकीचं भोक असंच बुजवतात."

नायनांनी भिंग घेऊन दोनदा वाचली. त्यांनी एकच बदल सुचवला. माळ भिंतीवर उंच टांगायची नाही, ११७ वं कार्ड पाचवीतल्या मुलाच्या डोळ्यांसमोर येईल इतक्या खाली हवं, आणि मुलांना हात लावू द्यायचा. त्यासाठी जुनी दोरी काढून नवी ओवायला लागेल, ही कुजली आहे. धोटा दादा, इचलकरंजीत गुंफायची जुनी जाड सुती दोरी अजून मिळते का? इथे दोन दुकानांत नायलॉनची दाखवली. नायना म्हणतात, ती पुठ्ठा कापते.